सिरिंज दोनदा भरली

त्या दिवशीच्या भुलीच्या तक्त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे : "नळी पहिल्याच प्रयत्नात, ग्रेड १, सहज." (श्वासाची नळी घालताना स्वरयंत्र पूर्ण दिसलं की ग्रेड १.) सोळा तासांनी, रात्री दीडच्या सुमारास, त्याच रुग्णाच्या श्वासनलिकेत दुर्बीण घालून आम्ही चौघं स्क्रीनकडे बघत होतो. मागच्या भिंतीवर तीन सेंटिमीटरची उभी चीर होती.

मी पुण्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. या प्रकरणात नळी घातली ती माझ्या देखरेखीखाली, म्हणून हे कोणा तिऱ्हाइताबद्दलचं लिखाण नाही. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय बाजू जशीच्या तशी ठेवली आहे.

आजी ६४ वर्षांच्या, शिरूरकडच्या. उंची १४७ सेंटिमीटर, वजन ४३ किलो. कावीळ झाली म्हणून गावातल्या एकाकडून तीन आठवडे झाडपाल्याचं औषध घेतलं, पथ्यही कडक पाळलं. कावीळ उतरेना, अंगाची खाज थांबेना, तेव्हा मुलगा पुण्याला घेऊन आला. स्वादुपिंड आणि पित्तनलिका जिथे आतड्यात उघडतात त्या तोंडाशी कॅन्सरची गाठ निघाली. आधी ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, पित्तनलिकेत स्टेंट टाकला, कावीळ उतरू दिली, मग व्हिपलचं ऑपरेशन ठरलं. स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग), पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढायचा आणि उरलेल्या तिन्ही टोकांची आतड्याशी जोडणी करायची, असं हे सहा-आठ तासांचं काम. भुलीच्या तपासणीत तोंड छान उघडत होतं, मान लवत होती, दात पुढचे चारच, तेही पक्के. अवघड नळीचं एकही लक्षण नव्हतं. मीच रजिस्ट्रारला, म्हणजे माझ्या हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टरला, म्हटलं होतं, "ही तुझी केस, तू घाल."

पाठीत एपिड्यूरल (दुखणं थांबवणारं औषध सोडायची बारीक नळी) टाकून झाल्यावर सव्वानऊला भूल दिली. रजिस्ट्रारनं साडेसातची (आतला व्यास, मिलिमीटरमध्ये) नळी घातली. स्वरयंत्र पुस्तकातल्या चित्रासारखं समोर होतं. आजी बुटक्या, नळी जास्त आत गेली तर एकाच फुफ्फुसात जायची, म्हणून तिनं ती ओठापाशी १९ सेंटिमीटरवर बांधली. बायकांमध्ये आपण साधारण २१ वर बांधतो, तेव्हा उंचीच्या हिशेबानं हे शहाणपणाचंच होतं. फक्त त्यानं फुगा स्वरतंतूंच्या बराच जवळ राहिला, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं फुग्याबद्दल. श्वासाच्या नळीच्या टोकाजवळ प्लास्टिकचा एक कफ असतो. नळी आत गेली की बाहेरून सिरिंजनं त्यात हवा भरायची, म्हणजे तो श्वासनलिकेच्या भिंतीला टेकतो. मशीनची हवा बाजूनं निसटत नाही आणि घशातली लाळ-पित्त फुफ्फुसात उतरत नाही. कफला जोडलेली एक बारीक नळी बाहेर लोंबते, तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा पायलट बलून. आतला फुगा किती ताठ आहे हे बाहेरच्या या बलूनवरून ओळखायचं. १९२८ साली अमेरिकेत गुडेल आणि वॉटर्स यांनी कफवाल्या नळीवर लेख लिहिला. आपली नळी किती घट्ट बसते हे पटवायला गुडेल यांनी स्वतःच्या कुत्र्याला भूल देऊन, नळी घालून पाण्यात बुडवून ठेवलं होतं. कुत्रा नंतर उठला, अंग झटकलं आणि चालू लागला. तेव्हापासून आमच्या धंद्यात फुग्याची परीक्षा एकच : गळतो का? भिंतीला किती दाबतो, हा प्रश्न बऱ्याच उशिरा आला.

श्वासनलिका दहा-बारा सेंटिमीटर लांब. पुढून आणि बाजूंनी कूर्चेच्या सोळा ते वीस कड्या, पण कड्या पूर्ण गोल नसतात, इंग्रजी सी अक्षरासारख्या मागे उघड्या असतात. मागची भिंत नुसती स्नायूची आणि पातळ पडद्याची. तिला लगटून अन्ननलिका. फुगा जास्त भरला तर कड्या हटत नाहीत, ताण सगळा मागच्या पडद्यावर येतो. फाटलं तर तिथेच फाटतं आणि उभंच फाटतं.

ऑपरेशनच्या दिवसाकडे परत येते.

नळी बांधल्यावर रजिस्ट्रारनं सात एमएल हवा भरली, बलून अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला, मान हलवली. मीही दाबला. ठीक वाटला. आम्ही सगळे हेच करतो. मला माझ्या सरांनी हेच शिकवलं, मी तिला हेच शिकवलं.

मग मानेतली सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घालायची सलाइनची नळी. त्यासाठी ओटीतल्या मामांनी डोक्याखालची उशी काढली, मान मागे ताणली, तोंड डावीकडे वळवलं. मान मागे गेली की नळी वर सरकते, पुढे वाकली की खाली जाते, आणि हा प्रवास दोन्ही बाजूंना दोनेक सेंटिमीटरचा असू शकतो. आजींच्या नळीला वर सरकायला तेवढी जागाच नव्हती. फुगा स्वरतंतूंच्या फटीत आला आणि हवा गळायला लागली. मशीनवर आत जाणारा श्वास ३६० एमएल, परत येणारा ३१०. गळ्यातून बारीक घुर्र-घुर्र. मी चादरीखाली वाकून सुई घालत होते. "मॅडम, लीक आहे, थोडी हवा भरू का?" "भर." तीन एमएल. आवाज थांबला. लाइन झाली, उशी परत आली, मान सरळ झाली, नळी खाली आली. वाढीव हवा मात्र फुग्यातच राहिली. ती काढायचं कोणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं, कारण गळती थांबली होती.

भुलीत आम्ही नायट्रस ऑक्साइड वापरत होतो. हा वायू नायट्रोजनपेक्षा रक्तात तीसेक पटींनी जास्त विरघळतो. शरीरात जिथे म्हणून हवेचा बंदिस्त कप्पा आहे तिथे तो भराभर शिरतो आणि आतला नायट्रोजन मात्र तितक्या वेगानं बाहेर पडत नाही, म्हणून कप्पा फुगतो. साडेअकराच्या सुमारास सर्जन म्हणाले, "आतडी फुगताहेत हो, जरा नायट्रस बंद करता का?" बंद केला. सर्जनच्या हातातलं आतडं फुगत होतं तेव्हा माझ्या हातापासून वीतभर अंतरावर लोंबणारा बलूनही फुगत असणार. आतड्याकडे बघणारं माणूस होतं. या गोष्टीचा मला अजून राग येतो, कारण नायट्रसचं हे गणित मी दर वर्षी नव्या मुलांना फळ्यावर लिहून देते आणि त्यात उदाहरण म्हणून कफचंच नाव असतं.

एक वाजता मला दुसऱ्या रुग्णालयात सिझेरियनसाठी जावं लागलं. पुण्यात आमची ही धावपळ नेहमीची, स्कूटर काढायची आणि पळायचं. माझ्या जागी आलेल्या सहकाऱ्याला मी रक्तदाब, लघवी, रक्ताची पिशवी, एपिड्यूरलचा डोस सगळं नीट समजावून सांगितलं. फुग्याबद्दल काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं.

मी नसताना काय झालं ते मला नंतर समजलं. नायट्रस बंद केल्यावर तो फुग्यातूनही हळूहळू बाहेर पडला, फुगा सैलावला. त्यात सर्जननी टेबल तिरपं करायला लावलं, उशी सरकली, मान पुन्हा थोडी मागे गेली. पुन्हा घुर्र-घुर्र. सहकाऱ्यानं कोणीही केलं असतं तेच केलं : सिरिंज लावली, आवाज थांबेपर्यंत हवा भरली. सहा एमएल.

दुपारी मी परतले तेव्हा शेवटची जोडणी चालू होती. पावणेपाचला ऑपरेशन संपलं. रक्तस्राव बेताचा, रक्तातला ऑक्सिजन उत्तम, सगळे खूश. रजिस्ट्रारनं घसा साफ करायला सक्शनची नळी घातली तशा आजी जोरात खोकल्या, चार-पाच वेळा, फुगा भरलेला असतानाच. मग फुगा सोडून नळी काढली. आजींनी डोळे उघडले, विचारलं त्याला "हं" म्हणाल्या. आवाज बसलेला होता. नळी काढल्यावर आवाज बसतोच.

आठ वाजता आयसीयूतून सिस्टरचा फोन : थुंकीत रक्ताची रेघ आहे. सक्शननं घसा खरवडला असेल म्हणून मी वाफ द्यायला सांगितली. हे माझं दुसरं चुकलेलं पाऊल. कारण बसलेला आवाज, खोकला आणि रक्ताची रेघ ही तिन्ही एकेकटी क्षुल्लक असली तरी एकत्र आल्यावर मी घरून निघायला हवं होतं.

अकराला भेटायला सोडलेल्या सूनबाईंनी सासूच्या मानेवरचा पदर सारखा केला आणि हात तिथेच थांबवला. "सिस्टर, आत्यांचा गळा सुजलाय. दाबलं की कुरमुऱ्याच्या पिशवीवानी लागतंय." हे वाक्य मला सिस्टरनं फोनवर जसंच्या तसं सांगितलं. कातडीखाली हवा शिरली की बोटाला नेमकं हेच जाणवतं. आम्ही त्याला क्रेपिटस म्हणतो, आणि मला विचाराल तर कुरमुऱ्याची पिशवी हा शब्द जास्त अचूक आहे.

मी पोचेपर्यंत आयसीयूच्या डॉक्टरनं छातीत नळी टाकायचा ट्रे उघडायला सांगितला होता. त्याचा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. सकाळी मानेत सेंट्रल लाइन टाकलेली, तीही उजवीकडून. सुई फुफ्फुसाच्या टोकाला लागली असेल, फुफ्फुसाभोवती हवा साठून तीच वर मानेत आली असेल. पण आजींचा श्वास मिनिटाला २२, ऑक्सिजन मास्कवर ९६ टक्के, दोन्हीकडे हवा सारखी जात होती. "आधी एक्स-रे," एवढंच मी म्हटलं. एक्स-रेत मानेत आणि छातीच्या मध्यभागी हवेचे काळे पट्टे होते, हृदयाची कड काळ्या रेघेनं कोरल्यासारखी दिसत होती, फुफ्फुसं मात्र दोन्ही पूर्ण फुललेली. म्हणजे हवा फुफ्फुसातून आलेली नव्हती. उरल्या दोन जागा : नाकातून पोटात घातलेल्या नळीनं अन्ननलिकेला भोक पडलं असेल किंवा श्वासनलिका फाटली असेल.

सीटीत अन्ननलिकेची भिंत अखंड दिसली, आसपास पाणी नाही. श्वासनलिकेच्या मागच्या बाजूला हवेचा एक बारीक कोपरा दिसत होता. छातीविकारतज्ज्ञांना उठवलं. ते लॉ कॉलेज रस्त्यावरून वीस मिनिटांत आले, घरातल्याच चपला पायात. घशाला बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा फवारा मारून, आजी स्वतः श्वास घेत असतानाच, त्यांनी नाकातून दुर्बीण आत सोडली. स्वरतंतू सुजलेले पण दोन्ही हलत होते. त्याखाली तीनेक सेंटिमीटर चांगली गुलाबी श्वासनलिका, आणि मग ती. मागच्या भिंतीच्या मधोमध, शिवणीतून उसवलेल्या झंपरासारखी. कडा लाल, तळाशी स्नायूचे आडवे धागे दिसत होते. श्वास घेताना कडा जवळ यायच्या, खोकल्या की फाकायच्या. चिरेचं वरचं टोक श्वासनलिकेच्या दुभाजकापासून सात सेंटिमीटर वर, खालचं चार. चीर जिथे होती तिथेच दिवसभर फुगा होता.

त्या वेळी रजिस्ट्रार माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "मॅडम, नळी काढताना कफची हवा ओढली ना, तेव्हा दहाची सिरिंज दोनदा भरली. पहिली पूर्ण, दुसरी अर्ध्याच्या वर." संध्याकाळी तिला ते चमत्कारिक वाटलं होतं, पण सगळे इतके खुशीत होते की तिनं सिरिंज टाकून दिली.

अशा चिरेचं करायचं काय, यावर दोन पिढ्यांपूर्वी एकच उत्तर होतं : छाती किंवा मान उघडा आणि शिवा. २०१० साली इटलीतल्या कार्डिलो आणि सहकाऱ्यांनी ३० रुग्णांच्या अनुभवावरून चिरेची प्रतवारी सुचवली. नुसतं अस्तर फाटलं तर पहिली पायरी. स्नायूपर्यंत फाटून कातडीखाली किंवा छातीच्या मध्यात हवा शिरली, पण अन्ननलिका शाबूत आणि संसर्ग नाही, तर दुसरी. पूर्ण फाटून मागची अन्ननलिका किंवा मऊ भाग आत डोकावत असेल तर तिसरीचा पहिला भाग, अन्ननलिकाच फाटली किंवा छातीच्या मध्यात पू झाला तर तिसरीचा दुसरा. शेवटचा प्रकार सोडून बाकीचे, रुग्ण स्थिर असेल तर, न शिवता सांभाळता येतात असा त्यांचा निष्कर्ष. आजी दुसऱ्या पायरीवर होत्या. छातीच्या सर्जनना मी रात्री दोनला फोन लावला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या : स्वतः श्वास घेताहेत का, आणि हवा वाढतेय का. "मग हात लावू नका. पण मशीनवर जाऊ देऊ नका."

दुसरं वाक्य बोलायला सोपं होतं. पुन्हा नळी घालायची वेळ आली तर नियम असा की फुगा चिरेच्या खाली बसवायचा, म्हणजे मशीनचा दाब चिरेवर येत नाही. पण खाली होते चारच सेंटिमीटर. फुगा आणि पुढचं टोक मिळून तेवढी जागा सहज खाऊन टाकतात. म्हणजे नळी डाव्या फुफ्फुसाच्या वाटेत घालून एकाच फुफ्फुसावर निभावायचं, तेही दुर्बिणीवरून, आंधळेपणानं अजिबात नाही. हे सगळं मी कागदावर लिहून आजींच्या पलंगाच्या डोक्याशी चिकटवलं. साडेसहाची नळी, दुर्बीण आणि माझा नंबर. बायपॅप (मास्कमधून दाबानं हवा देणारं यंत्र) लावायचा नाही, अंबू बॅगेनं (हातानं दाबायच्या पिशवीनं) हवा दाबायची नाही, हे लाल पेननं.

आणि सिस्टरनी काळ्या मार्करनं मानेवर, छातीवर कुरमुरे जिथवर लागतात तिथवर रेघ ओढली, शेजारी वेळ लिहिली : २.४०.

खरा पेच पुढच्या चार दिवसांचा. पोटाच्या एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर रुग्णानं खोकलंच पाहिजे, नाहीतर छातीत बेडका साठून न्यूमोनिया होतो. फिजिओथेरपिस्टचं कामच मुळी पोटाला उशी लावून रुग्णाला खोकायला लावण्याचं. इकडे प्रत्येक खोकल्याबरोबर चीर फाकणार आणि हवा मानेत शिरणार. दोन्ही टोकं सांभाळायची तर? एपिड्यूरल नशिबानं उत्तम चालत होतं, त्यामुळे दुखणं नव्हतं आणि गुंगी आणणारी औषधं कमी लागली. ऑक्सिजन ओलावा देऊन, उलटी होऊ नये म्हणून पोटातली नळी चालू, दर आठ तासांनी अँटिबायोटिक. खोकल्याऐवजी फिजिओच्या मुलीनं हफ शिकवला : घसा उघडा ठेवून नुसती वाफ सोडायची. स्वरतंतू मिटून मग जोरात उघडणं हे खोकल्यातलं दाब वाढवणारं काम, ते हफमध्ये होत नाही.

"आजी, हाऽ करायचं. तोंड उघडं ठेवून."

"फुंकणीनं चूल फुकत्यात तसं?"

"नाही नाही, ते नकोच. चष्म्याची काच पुसताना वाफ सोडतात बघा, तसं."

आजींना चष्मा नव्हता. मग सूनबाईंच्या मोबाइलच्या काचेवर वाफ सोडायचा सराव झाला. काच धुकटली की बरोबर. दुसऱ्या दिवसापर्यंत रेघेपलीकडे कुरमुरे गेले नाहीत, चौथ्या दिवशी रेघेच्या चार बोटं अलीकडे आले.

पहाटे तीनला आयसीयूबाहेरच्या बाकावर मी मुलाशी आणि सूनबाईंशी बोलले होते. सर्जनही सोबत होते, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मुलगा ऐकत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, ऑपरेशन पोटाचं होतं ना?" यावर काही बोलणं अवघड होतं. संमतिपत्रावर "भुलीचे संभाव्य धोके समजावून सांगितले" या एका ओळीखाली त्याची सही होती, आणि त्या ओळीत घसा दुखणं, दात हलणं याच्यापलीकडे मी काही सांगितलेलं नव्हतं. सूनबाईंनी विचारलं, "म्हंजी चुकून झालं, का चुकलं?"

मी म्हटलं, फुग्यात हवा जास्त भरली गेली. ती मोजायचं यंत्र असतं. आम्ही मोजलं नाही.

रुग्णालयाच्या कचेरीतल्या एका गृहस्थांना माझं हे वाक्य आवडलं नाही. आयसीयूच्या वाढीव दिवसांच्या बिलावर नंतर बरीच ओढाताण होऊन बहुतेक रक्कम माफ झाली. ते प्रकरण इथे वाढवत नाही.

आठवड्यानं आम्ही बसलो. मी, रजिस्ट्रार, सहकारी, सर्जन, ओटीच्या सिस्टर. सहकारी म्हणाला, "हो, मीही थोडी भरली होती," आणि फळ्यावर बेरीज झाली : सात, तीन, सहा. सोळा एमएल. तिघांपैकी कोणाचाही निर्णय त्या क्षणी वेडगळ नव्हता. गळतंय म्हणून भरलं. पण गळती ही फुगा रिकामा असल्याची खूण नव्हती, फुगा भलत्या जागी आल्याची होती. दोन्ही वेळा उशी सरळ करून नळी दीड सेंटिमीटर आत सरकवली असती तर पुरलं असतं. आणि बेरीज कोणालाच दिसली नाही, कारण ती लिहायला तक्त्यावर जागा नाही. आमच्या तक्त्यात दर पाच मिनिटांचा रक्तदाब आहे, तासाची लघवी आहे, कोणत्या हाताला सलाइन आहे तेही आहे. फुग्याचा रकाना नाही.

दुसरी कारणंही तपासली. नळीत कडक तार होती, पण तिचं टोक नळीच्या आत होतं आणि नळी स्वरतंतूंतून गेल्याबरोबर काढली होती. तारेनं झालेली इजा बहुधा पहिल्या काही तासांतच ओरडून सांगते, इथे सात तास मशीनचा दाब सोसूनही हवा कुठे शिरली नव्हती. माझा कौल असा : ताणलेला पडदा दिवसभर रक्ताविना विरत गेला आणि शेवटच्या, फुगा भरलेला असतानाच्या खोकल्यात उसवला. कफचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका असावा असं आम्ही सगळे परीक्षेत लिहून आलो आहोत. सीगोबिन आणि व्हॅन हॅसेल्ट यांनी १९८४ साली ४० रुग्णांच्या श्वासनलिकेत दुर्बिणीतून बघून दाखवलं होतं की दाब ३० च्या वर गेला की अस्तराचा रक्तपुरवठा अडतो आणि ५० ला कड्यांवरचं अस्तर पांढरंफटक पडतं. आजींची श्वासनलिका लहान, अंग वाळलेलं, त्यात साडेसातची नळी. सातची किंवा साडेसहाचीही चालली असती. नळीमुळे श्वासनलिका फाटल्याच्या १८२ प्रकाशित रुग्णांचा जो आढावा २००९ साली आला त्यात ८६ टक्के बायका होत्या. बुटक्या, उतारवयाच्या बायका हे या इजेचं ठरलेलं गिऱ्हाईक आहे, आणि आपल्या ओटीत अशा आजी रोज येतात.

"सहज" या शब्दाबद्दलही बोलणं झालं. अमेरिकेत भुलीसंबंधीच्या निकाली दाव्यांचा डोमिनो आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अभ्यास केला. ४,४६० दाव्यांपैकी २६६ श्वासमार्गाच्या इजेचे होते आणि स्वरयंत्राच्या इजा झालेल्यांपैकी ८० टक्क्यांमध्ये नळी घालणं अवघड नव्हतंच. अवघड केस म्हटली की चार माणसं जमतात, ट्रॉली येते, सगळे डोळे फाडून बघतात. सहज म्हटलं की नळी बांधून झाल्यावर तिच्याकडे पाठ होते.

फुग्याचा दाब मोजणारा मॅनोमीटर आमच्याकडे होता. भूलयंत्राच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये, मूळ पिशवीत, गॅरंटी कार्डासकट. बैठक संपल्यावर चहा येईपर्यंत मी वीसच्या सिरिंजचं नुसतं नळकांडं घेतलं, त्यात साडेसातची नळी सरकवली, फुग्यात हवा भरली आणि बलून सगळ्यांपुढे धरला. एकेकानं अंगठा-तर्जनीत दाबला. "ठीक आहे." "ठीक." "थोडा सैलच वाटतोय." शेवटचं मत माझ्या सरांचं, ते चहासाठी म्हणून आले होते. मग मॅनोमीटर लावला. काटा साठच्या पुढे गेला. सरांनी पुन्हा एकदा बलून दाबून पाहिला, काट्याकडे पाहिलं आणि चहा घेतला.

आता तक्त्यावर लघवीच्या रकान्याशेजारी बॉलपेननं ओढलेला एक उभा रकाना असतो. नळी घातल्यावर, मान हलवल्यावर आणि मग दर तासाला कफचा दाब. नवीन तक्ते छापायचं कचेरीनं मान्य केलं आहे, ते छापून येईपर्यंत पट्टी आणि पेन.

आजींची दुर्बिणीनं तपासणी सातव्या दिवशी झाली, चिरेवर पांढरा फायब्रिनचा थर धरला होता. एकविसाव्या दिवशी कापडावर वळलेल्या टाक्यासारखी एक फिकी रेघ. मधल्या काळात पोट रिकामं व्हायला वेळ लागत होता, व्हिपलनंतर ते बऱ्याच जणांना होतं, पण त्यामुळे घरी जायला अठरावा दिवस उजाडला. आवाज महिन्याभरात परत आला, सूनबाईंच्या म्हणण्यानुसार पूर्वीपेक्षा मोठा.

डिस्चार्ज कार्डावर काय लिहायचं यावरही थोडी खडाखडी झाली. मसुद्यात नुसतं "सर्जिकल एम्फिसीमा, उपचारांनी बरा" असं होतं, म्हणजे कातडीखाली हवा शिरली होती, ती गेली, एवढंच. वाचणाऱ्याला वाटावं सर्जनचंच काहीतरी. मी वेगळं कार्ड केलं, मराठीत, आणि लॅमिनेट करून दिलं : "भुलीच्या नळीच्या फुग्यामुळे श्वासनलिकेच्या मागच्या भिंतीला ३ सेंटिमीटर चीर पडली होती, न शिवता भरली. यापुढे भूल द्यायची झाल्यास हे कार्ड आधी दाखवावे. नळी साडेसहा किंवा लहान, कफचा दाब मोजून." खाली माझी सही आणि नंबर.

पाच महिन्यांनी शिरूरहून एका डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन आला. आजींचा मोतीबिंदू काढायचा होता. भूल कसली, डोळ्यात नुसते थेंब टाकून करायचं काम. "पण मॅडम, यांनी टेबलावर यायच्या आधी हे कार्ड माझ्या हातात दिलंय आणि मी वाचेपर्यंत आडव्या व्हायला तयार नाहीत. आधार कार्ड मागितलं तर म्हणाल्या, ते मागनं."